समुद्रतळाची मोजणी आणि भूखंड मंचाचा दावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, भूशास्त्राचे विद्यार्थी, आणि व्याख्यान संपल्यावर चहाच्या कपासकट गाठणारे निवृत्त इंजिनिअर यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. सोपे आधी घेतले आहेत, वाकडे शेवटी. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि ६ तेवढे वाचा, बाकी सगळं त्या दोघांभोवतीच फिरतं.

१. भूखंड मंच म्हणजे शाळेत शिकलेली समुद्रबूड जमीनच ना? मग तिच्यावर दावा कसला करायचा?

भूगोलाच्या पुस्तकातली समुद्रबूड जमीन म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ, मंद उताराचा भाग. साधारण २०० मीटर खोलीच्या आसपास ती संपते, पुढे खंडान्त उतार लागतो, त्याच्या पायथ्याशी गाळाचा पसरट उंचवटा असतो आणि मग सागरी मैदान. कायद्यातला भूखंड मंच याहून बराच मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातलं कलम ७६ मंच, उतार आणि पायथ्याचा उंचवटा अशा तिन्ही गोष्टी त्यात धरतं. खोल समुद्राचा तळ मात्र वगळतं.

शिवाय तळाची रचना कशीही असो, आधाररेषेपासून (किनाऱ्यालगतच्या ज्या रेषेपासून सगळी सागरी अंतरं मोजतात ती) २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ किनारी देशाचाच. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर झालं. तिथवर काही सिद्ध करावं लागत नाही. खंडाचा हा बुडालेला भाग २०० मैलांच्याही पुढे जातो असं ज्या देशाला वाटतं, त्याला ते या करारानुसार नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगापुढे (प्रश्न ११) मोजून दाखवावं लागतं. ‘दावा’ म्हणतात तो एवढाच.

२. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या पाण्यातल्या आणि तळातल्या साधनसंपत्तीवर किनारी देशाचाच हक्क) आहेच. त्यापुढे आणखी काय मिळतं?

फक्त तळ आणि तळाखालचं. तेल, वायू, खनिजं, आणि तळाला चिकटून राहणारे किंवा तळावरच सरकणारे जीव. वरच्या पाण्यातले मासे मिळत नाहीत. ते पाणी खुल्या समुद्राचंच राहतं, तिथून कुणाचंही जहाज जाऊ शकतं आणि कुणीही जाळं टाकू शकतं. ‘भारताची हद्द वाढली’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात ते म्हणूनच फसवे असतात. परीक्षेत ‘सार्वभौमत्व’ आणि ‘सार्वभौम हक्क’ यांत गल्लत करू नका. १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्रात सार्वभौमत्व असतं, इथे फक्त ठरावीक कामांपुरते हक्क.

३. बाहेरची रेषा नेमकी ठरते कशी? ३५० मैल हे उत्तर बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे. रेषा ठरवायची दोन सूत्रं आहेत आणि तिला अडवणाऱ्या दोन मर्यादा.

दोन्ही सूत्रांची सुरुवात खंडान्त उताराच्या पायथ्यापासून होते. पहिलं सूत्र: पायथ्यापासून ६० सागरी मैल, म्हणजे १११ किलोमीटर पुढे जा. दुसरं सूत्र गाळाचं: जिथवर गाळाच्या खडकाची जाडी त्या जागेच्या पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान १ टक्का आहे, तिथवर जा. पायथ्यापासून २०० किलोमीटरवरच्या ठिकाणी २ किलोमीटर गाळ असेल तर ते ठिकाण चालतं, दीडच किलोमीटर असेल तर नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक भागात दोन्हींपैकी जे सूत्र जास्त पुढे नेईल ते वापरायची मुभा आहे.

आता मर्यादा. एक, आधाररेषेपासून ३५० सागरी मैल. दुसरी, २५०० मीटर खोलीच्या समखोली रेषेपासून १०० सागरी मैल. यांतलीही जास्त बाहेरची निवडता येते, म्हणून काही ठिकाणी रेषा ३५० च्या पलीकडेही जाऊ शकते. सूत्रांची रेषा मर्यादेच्या रेषेला जिथे ओलांडते, तिथे ती छाटली जाते. शेवटी जे बिंदू उरतात ते सरळ रेषांनी जोडायचे, आणि दोन बिंदूंत ६० सागरी मैलांहून जास्त अंतर ठेवायचं नाही.

सगळी मदार पायथ्यावर आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो सरकला की दोन्ही सूत्रांच्या रेषा सरकतात.

४. उताराचा पायथा तर नकाशावर दिसतो. तो शोधायला एवढी वर्षं का लागतात?

सिंहगडाचा पायथा कुठे, असं विचारलं तर कुणी आतकरवाडी म्हणेल, कुणी डोणजे. दोघंही खोटं बोलत नाहीत. समुद्रात गंमत तीच, फक्त इथे प्रत्येक उत्तरामागे काही हजार चौरस किलोमीटर आत किंवा बाहेर जातात.

करारात व्याख्या सुटसुटीत आहे: उताराच्या तळाशी जिथे चढ-उतारातला बदल सर्वांत जास्त, तो बिंदू. गणिताच्या भाषेत खोलीच्या आलेखाचा दुसरा अवकलज, म्हणजे उतार किती झपाट्याने बदलतो ते, काढायचा आणि त्याचं शिखर शोधायचं. पण खऱ्या आलेखात दऱ्या, ढासळलेला गाळ, गाडले गेलेले ज्वालामुखी आणि यंत्राची खरखर असं सगळं मिसळलेलं असतं. मग आलेख गुळगुळीत करावा लागतो. किती गुळगुळीत केला यावर शिखर कुठे येईल ते ठरतं, आणि आयोगातले तज्ज्ञ बरोबर तोच प्रश्न विचारतात. म्हणून आधी भूशास्त्राच्या आधारे ‘तळाचा पट्टा’ ठरवतात आणि त्या पट्ट्यातच बिंदू शोधतात. आकारावरून काही ठरत नसेल तर भूशास्त्रीय पुराव्यावर पायथा दाखवायची वाटही कलम ७६ मध्ये आहे, पण तिथे सिद्ध करण्याचं ओझं जड.

आपल्या पश्चिम उताराचंच बघा. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात विंधन विवरं घेतली. तिथे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी उतारावरून कोसळलेल्या प्रचंड दरडीचा ढीग सापडला. त्याला नटराज असं नाव दिलं गेलं. अशा ढिगाऱ्याखाली मूळ पायथा गाडलेला असताना वरवरचा आकार पाहून बोट ठेवणं किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको.

५. खोली मोजायला जहाज कशाला? उपग्रहावरून होत नाही?

उपग्रह समुद्राचा तळ पाहत नाही, पाण्याची पातळी मोजतो. तळावरच्या मोठ्या पर्वताच्या गुरुत्वाकर्षणाने वरचं पाणी किंचित फुगतं, त्यावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. पण त्यात काही किलोमीटरहून बारीक तपशील दिसत नाही. आयोगापुढे ही माहिती पूरक म्हणून चालते, मुख्य पुरावा म्हणून नाही.

मुख्य पुरावा मल्टीबीम इको साउंडरचा. जहाजाच्या तळाला बसवलेलं हे यंत्र एका वेळी शेकडो ध्वनिकिरण पंख्यासारखे दोन्ही बाजूंना सोडतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, म्हणजे ४००० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला पाच सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात जहाज पुढे गेलेलं असतं, डोललेलं असतं. ते सगळं हिशेबात धरावं लागतं. एक अंश रुंदीचा किरण त्या खोलीवर सुमारे ७० मीटरचा ठिपका व्यापतो.

खरी डोकेदुखी आवाजाच्या वेगाची. तापमान, क्षारता आणि दाबाप्रमाणे तो बदलतो आणि किरण वाकतात. म्हणून अधूनमधून जहाजावरून एक छोटासा तापमापक पाण्यात सोडतात. त्याच्यामागे केसाएवढी बारीक तांब्याची तार सुटत जाते, तीतून तापमान वर येत राहतं, आणि तार संपली की तुटून जाते. तो तापमापक परत मिळत नाही. हे करायचा आळस केला तर सपाट तळसुद्धा पट्ट्याच्या दोन्ही कडांना वर वळलेला किंवा खाली झुकलेला दिसतो. पहिल्यांदा डेटा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला दरी सापडली.

६. तळाखालचा गाळ किती जाड आहे हे वरून कसं कळतं?

भूकंपीय परावर्तनाने. जहाजामागे एअरगन असतात. त्यांतून दाबलेली हवा एकदम सोडली की मोठा आवाज होतो. तो गाळाच्या थरांमध्ये शिरतो, प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडाथोडा परततो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची, हायड्रोफोन बसवलेली केबल ओढत नेलेली असते, ती हे परतलेले आवाज टिपते. हिला स्ट्रीमर म्हणतात. जहाज चालतं चार-पाच नॉटने, म्हणजे सायकलसुद्धा पुढे जाईल.

हाती जे चित्र येतं ते खोलीचं नसतं, वेळेचं असतं. इथेच दाव्याचा जीव अडकलेला आहे. समजा गाळातून आवाज जाऊन यायला २ सेकंद लागले. गाळातला वेग सेकंदाला २.५ किलोमीटर धरला तर जाडी २.५ किलोमीटर. वेग २.८ धरला तर २.८ किलोमीटर. फरक ३०० मीटरचा, आणि १ टक्क्याच्या सूत्राने (प्रश्न ३) त्याचा अर्थ रेषा ३० किलोमीटर आत की बाहेर! म्हणून वेग नुसता गृहीत धरून भागत नाही. समुद्रतळावर भूकंपमापकं ठेवतात, दूरवरून आलेल्या वक्रीभूत लहरी नोंदवतात आणि त्यावरून थरांतले वेग काढतात. त्रुटी किती तेही लिहून द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर दाव्याच्या कागदपत्रांत सगळ्यांत आधी हे त्रुटींचं पान वाचावं. नकाशा नंतर बघितला तरी चालतो.

७. पुण्याचा याच्याशी काय संबंध? समुद्र तर घाटाखाली, शंभर किलोमीटरवर.

पायाखालच्या खडकाचा आहे. वेताळ टेकडीवर जो काळा कातळ दिसतो तो दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो कोकणच्या किनाऱ्यावर थांबत नाही. समुद्राखाली, गाळाच्या खाली, तो पश्चिमेकडे चालूच राहतो. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्राच्या बऱ्याच भागाचा तळखडक हाच.

सर्वेक्षणात तो त्रास देतो. बेसाल्टमध्ये आवाजाचा वेग गाळापेक्षा खूप जास्त, त्यामुळे वरच्या सीमेवरूनच बरीचशी ऊर्जा परत फिरते आणि खालचं धूसर होतं. तिथे फक्त परावर्तनावर विसंबून चालत नाही. वक्रीभवन, गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी एकमेकांवर ताडून पाहावी लागते.

८. मग हे काम खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचं का? की नौदलाचं?

खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं. बंदरं, धरणं, किनाऱ्याची धूप हा त्यांचा प्रांत. भूखंड मंचाच्या कामात मुख्य जबाबदारी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची. गोव्याचीच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनीही वाटा उचलला. नौदलाचं जलालेखन खातं, ज्याचं मुख्यालय गंमत म्हणजे डोंगरातल्या देहरादूनला आहे, ते आरमारी आणि व्यापारी जहाजांसाठी सागरी नकाशे काढतं. आधाररेषेचा प्रश्न त्या नकाशांशी बांधलेला. परराष्ट्र मंत्रालय अर्थातच सगळ्यात असतं.

९. भारताने दावा केला का? कुठवर आलं?

केला. भारताने करार १९९५ मध्ये मान्य केला. दावा दाखल करायची भारतासाठीची मुदत १३ मे २००९ होती, आणि तो ११ मे २००९ रोजी, म्हणजे दोन दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये दाखल झाला. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, अंदमानच्या पश्चिमेचा भाग धरून, त्यात आले. त्याला ‘अंशतः दावा’ म्हणतात, कारण उपसागराच्या खास नियमाखालचा भाग (प्रश्न १०) मागे राखून ठेवला होता. अरबी समुद्राच्या बाबतीत २०२५ मध्ये भारताने सुधारित दावा दाखल केला.

१०. बंगालच्या उपसागरासाठी वेगळा नियम का?

कारण तिथला गाळ सूत्रात बसत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेने हिमालय झिजवून आणलेल्या गाळाचा पंखा उपसागरात सुमारे ३००० किलोमीटर पसरला आहे. जगातला हा सर्वांत मोठा. उत्तरेकडे त्याची जाडी दहा किलोमीटरच्याही वर जाते. उतार इतका मंद आणि गाळ इतका अफाट की नेहमीच्या सूत्रांनी खंडाचा बराच भाग बाहेरच राहतो.

करार होत असताना श्रीलंकेने हा मुद्दा लावून धरला. त्यातून परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाला जोडलेलं एक सामंजस्य निवेदन आलं. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या रेषेवर गाळाची सरासरी जाडी ३.५ किलोमीटरहून कमी नसेल, आणि खंडाची निम्म्याहून जास्त कड (मंच, उतार आणि उंचवटा मिळून) बाहेर राहत असेल, तर किमान १ किलोमीटर गाळ असलेल्या बिंदूंपर्यंत रेषा नेता येते. अंतराशी टक्केवारीचा संबंधच तिथे उरत नाही. श्रीलंकेने मे २००९ मध्ये याच आधारावर दावा केला.

११. आयोग म्हणजे न्यायालय का? शेजाऱ्याशी भांडण असेल तर निकाल तोच देतो?

नाही. भूखंड मंचाच्या सीमांबाबतच्या या आयोगात २१ सदस्य असतात, भूशास्त्र, भूभौतिकी किंवा जलालेखन यांतले तज्ज्ञ. ते शिफारशी करतात. शिफारशींच्या आधारे देशाने ठरवलेली सीमा अंतिम आणि बंधनकारक. पण दोन देशांमधली वाटणी हा त्यांचा विषय नाही. वादातल्या भागाचा दावा संबंधित सगळ्या देशांच्या संमतीशिवाय आयोग विचारात घेत नाही. म्हणून शेजाऱ्याचं एक आक्षेपपत्र फाइल वर्षानुवर्षं अडवू शकतं. भारताच्या दाव्यावर बांगलादेश आणि म्यानमार या दोघांनीही लिहिलं होतं.

१२. तळ एका देशाचा आणि वरचं पाणी दुसऱ्याचं, असं होऊ शकतं का?

होतं, आणि तेही आपल्याच दारात. ७ जुलै २०१४ रोजी हेगमधल्या लवादाने भारत आणि बांगलादेश यांच्यातली सागरी सीमा ठरवली. त्यात एक लहानसा ‘करडा पट्टा’ राहिला. तो बांगलादेशाच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या बाहेर आहे, पण भारताच्या २०० मैलांच्या आत. तिथे तळावर बांगलादेशाचा हक्क आणि पाण्यावर भारताचा. दोघांनी एकमेकांच्या कामाचं भान ठेवायचं, एवढंच लवाद म्हणतो. प्रत्यक्षात तिथे कुणी विहीर खणायला घेतली की काय होईल, हे वकिलांसाठी उत्तम खाद्य आहे.

१३. मुदत चुकली किंवा दावाच केला नाही तर हक्क बुडतो का?

मूळ हक्क बुडत नाही. कलम ७७ प्रमाणे तो ताब्यावर किंवा घोषणेवर अवलंबून नाही, आपोआप असतो. नसते ती जगाने मान्य केलेली रेषा, आणि रेषेशिवाय कुठलीही तेल कंपनी पैसा घालायला येत नाही. गरीब देशांना एवढी मोजणी वेळेत जमेना, म्हणून २००८ मध्ये नुसती प्राथमिक माहिती देऊन मुदत पाळल्याचं मानायची सवलत देण्यात आली. अमेरिका तर करारात सामीलच नाही, तरी डिसेंबर २०२३ मध्ये तिने आपल्या बाहेरच्या सीमा जाहीर केल्या.

१४. मुंबई हाय आणि हिंदी महासागरातले मँगनीजचे गोळे यातच येतात का?

दोन्ही नाही, पण कारणं उलटसुलट. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे २०० मैलांच्या पुष्कळ आत. त्याला दाव्याची गरजच नाही. बहुधात्विक गोळ्यांचं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र मध्य हिंदी महासागर खोऱ्यात, कुठल्याच देशाच्या मंचावर नाही. तो तळ साऱ्या मानवजातीचा मानला जातो आणि जमैकातलं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण त्याचे करार करतं. भारताकडे तिथे शोधाचा परवाना आहे, मालकी नाही.

१५. २०० मैलांपलीकडे तेल लागलं तर सगळं उत्पन्न आपलं?

पहिली पाच वर्षं हो. सहाव्या वर्षापासून उत्पादनाच्या १ टक्का प्राधिकरणाकडे द्यायचा, दरवर्षी एकेक टक्का वाढवत बाराव्या वर्षी ७ टक्के, पुढे तेवढाच. जो विकसनशील देश त्याच खनिजाची निव्वळ आयात करतो त्याला माफी आहे.

१६. स्ट्रीमरमध्ये मासेमारीची जाळी अडकतात म्हणे. मग सर्वेक्षण पावसाळ्यात का करत नाहीत?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण त्याच दिवसांत दर्या इतका खवळलेला असतो की केबल ठरलेल्या खोलीवर राहत नाही आणि लाटांचा आवाज संकेत गिळून टाकतो. म्हणजे समुद्र शांत तेव्हा होड्या, होड्या नाहीत तेव्हा लाटा. तोडगा म्हणून मोठ्या जहाजासोबत एखादी राखणीची होडी ठेवतात. ती पुढे जाऊन जाळी टाकलेल्यांना सावध करते. एअरगनच्या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो, त्यामुळे आवाज हळूहळू वाढवत नेण्याची आणि जवळ प्राणी दिसला तर थांबण्याची पद्धत आहे.

१७. पुण्यात राहून या क्षेत्रात शिरायचं तर काय शिकावं?

भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात पदवी, मग भूभौतिकी किंवा सागरी भूशास्त्रात पदव्युत्तर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि फर्ग्युसन महाविद्यालयात भूशास्त्र विभाग आहेत. जलालेखनासाठी गोव्यात नौदलाची राष्ट्रीय जलालेखन संस्था. जहाजाचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण बहुतेक काम खुर्चीवर बसून डेटा साफ करण्याचं, त्यामुळे प्रोग्रामिंग आलं तर भाव जास्त. उलटीचा त्रास आहे म्हणून कुणी हे क्षेत्र सोडू नये.

१८. समुद्रातल्या पर्वतरांगेवरून हद्द कितीही लांब नेता येते का? आणि एखाद्या खडकावरून?

रांग कसली यावर आहे. खोल महासागराची मूळची रांग मुळातच मंचात धरत नाहीत. मंचाला जोडलेल्या सागरी रांगेवर ३५० मैलांची मर्यादा पक्की, २५०० मीटरच्या रेषेची पळवाट (प्रश्न ३) तिथे चालत नाही. पण पठार, उंचवटा, समुद्रातलं उथळ टेकाड (बँक) असा खंडाचाच नैसर्गिक भाग असेल तर चालते. आता कुठला उंचवटा रांग आणि कुठला पठार, यावर देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. तळाचे दगड उपसून आणून त्यांची जात दाखवावी लागते ती इथे.

खडकाचं उत्तर सोपं. ज्यावर माणूस वस्तीही करू शकत नाही आणि ज्याला स्वतःचं आर्थिक जीवनही असू शकत नाही, अशा खडकाला मंच मिळत नाही. लक्षद्वीपची वस्ती असलेली बेटं त्यात मोडत नाहीत.

१९. समुद्राची पातळी वाढून किनारा मागे सरला तर ही रेषाही मागे येईल का?

कलम ७६ प्रमाणे ठरलेली बाहेरची सीमा संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे नकाशे आणि निर्देशांकांसह जमा झाली की ती कायमची. किनारा कोकणात कुठे खचला तरी ती हलत नाही. पण जमा होईपर्यंत ती नुसता दावाच. आणि जिथे रेषा ३५० मैलांच्या मर्यादेवर टेकली असेल, तिथे मोजणी आधाररेषेपासूनच होते (प्रश्न ३). तेव्हा आधाररेषेचे निर्देशांक वेळेत अधिसूचित करून ठेवणं बरं. भारताने ते २००९ मध्येच केले आहेत.